वॉर्डातल्या खाटेजवळ

‘तुम्ही जगाचा प्रकाश आहा’ हे बायबलमधलं वचन (मत्तय ५:१४) आपल्याला पाठ असतं. पण ठाण्यातल्या आपल्या सोसायटीतले काका कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखल झाले, की ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ असा मेसेज टाकून आपण मोकळे होतो. उघड्या-उपाशी माणसाला काही न देता नुसतं ‘सुखाने जा’ म्हणण्यात काय अर्थ, असं विचारणारं याकोब २:१५-१६ नेमकं यावरच बोट ठेवतं.

आधी सोबतच्या माणसाकडे बघा. रात्रभर स्टुलावर बसलेल्या काकूंना घरी जाऊन आंघोळ करायला, दोन घास खायला दोन-तीन तास हवे असतात. तेवढा वेळ तुम्ही थांबा. त्या निघण्याआधी विचारून घ्या: पुढचं औषध कधी, कुठले रिपोर्ट यायचेत. सलाइन संपत आलं तर सिस्टरना सांगा, स्वतः हात लावू नका. डबा नेण्याआधी पथ्यही सिस्टरनाच विचारा. प्रेमाने नेलेली खीर मधुमेही माणसाला बाधते.

रक्त लागणार असेल तर आपल्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांची यादी आधीच तयार हवी. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, मागच्या रक्तदानाला पुरुषांना ९०, स्त्रियांना १२० दिवस झालेले असावेत. कुणाला उपाशीपोटी पाठवू नका, चक्कर येते.

प्रार्थना विचारूनच करा. ‘काका, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ नको म्हणाले तर चेहरा न पाडता बसून राहा. हो म्हणाले तर त्यांचं नाव घेऊन, हळू आवाजात, दोन मिनिटं. शेजारच्या खाटांवरही माणसं असतात. ‘नक्की बरे व्हाल’ असा शब्द देऊ नका, ते आपल्या हातात नाही. आजार ही पापाची शिक्षा, असं तर चुकूनही सुचवू नका. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी तसंच विचारलं, तेव्हा येशूने ते साफ नाकारलं (योहान ९:३).

सगळ्यात जास्त बिघडतं ते फोटोने. सत्कर्मं लोकांना दिसू द्यायची, पण गौरव पित्याचा व्हावा म्हणून (मत्तय ५:१६). आपलं नाव गाजवायला नव्हे. खाटेवरच्या माणसाचा फोटो ग्रुपवर गेला की त्या घरावर उपकाराचं ओझं पडतं. डब्यासोबत पत्रक दिलं तर डबाच आमिष वाटू लागतो. त्यांनी स्वतःहून आपल्या विश्वासाबद्दल विचारलं, तर मात्र संकोच न करता, सौम्यपणे सांगा. १ पेत्र ३:१५ तेच शिकवतं.

डिस्चार्जनंतर भेटायला येणारे एकदम कमी होतात. फॉलोअपच्या सकाळी रिक्षा बघायला आणि ओपीडीच्या रांगेत उभं राहायला तेव्हाच कुणीतरी लागतं. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर असते. काकूंना विचारून लगेच लिहून घ्या आणि त्या दिवशी कोण जाणार हेही ठरवून टाका.