१८ नोव्हेंबरची टाळी

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नोकरी केलेल्या माणसाला १८ नोव्हेंबर ही वर्धापन दिनाची तारीख कॅलेंडरात शोधावी लागत नाही. दीक्षान्त समारंभाला आम्ही सगळे कामाला जुंपलेले असायचो. पाहुण्यांची बडदास्त, मिरवणुकीची तयारी, पदवी प्रमाणपत्रांचे गठ्ठे. तो सोहळा विद्यार्थ्यांचा. वर्धापन दिन मात्र आमचा. त्या दिवशी व्यासपीठावर नाव पुकारलं जायचं ते आमच्यातल्याच कुणाचं तरी, गुणवंत शिक्षक म्हणून नाहीतर गुणवंत सेवक म्हणून. आदल्या दिवशी टपालाची पिशवी टेबलावर ठेवून गेलेले मामा दुसऱ्या दिवशी फेटा बांधून कुलगुरूंच्या शेजारी उभे! ओळखायलाच क्षणभर वेळ लागायचा.

दिवसही मोक्याचे. दिवाळी कधी नुकतीच उरकलेली, कधी पंधरवडा उलटून गेलेला. वसतिगृहं अर्धी रिकामी, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले नाहीतर पेटायच्या बेतात आणि आमच्या ड्रॉवरमध्ये कडबोळ्यांचे डबे. सकाळी मुख्य इमारतीसमोर ध्वजवंदन व्हायचं. थंडी पडायला लागलेली असायची, त्यामुळे एरवी सुती साड्यांत दिसणाऱ्या बायका रेशमी नेसून, वरून स्वेटर घालून उभ्या. समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा. नवीन लागलेल्या पोरांना त्याची गोष्ट सांगायचा मान जुन्या मंडळींचा आणि ती दरवर्षी सांगितली जायचीच. शिल्पकार बी. आर. खेडकर, अनावरण १ डिसेंबर १९७४, हस्ते यशवंतराव चव्हाण. पोरं मान डोलवायची. गोष्ट त्यांनी मागच्या वर्षीही ऐकलेली असायची.

त्याच ओघात १९६२ निघायचं. उत्तर सीमेवर चीनशी लढाई चाललेली आणि अशा दिवसांत राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन कोल्हापुरात विद्यापीठाच्या उद्घाटनाला आलेले. सुरुवात ३४ महाविद्यालयांनी झाली. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, मूळचे इतिहासाचे माणूस. जागा मिळाली ती सागरमाळाची. ८५३ एकर, पण नुसता खडक. कुसळ सोडून काही उगवत नव्हतं म्हणतात. आज विद्यापीठात शिरल्यावर जी झाडी दिसते, ती सगळी माणसांनी लावलेली आणि जगवलेली आहे. पुढे तळी झाली, विहिरी झाल्या. संशोधनाच्या अहवालात याला रकाना नाही. पण माझ्या मते या विद्यापीठाचं सगळ्यात मोठं काम तेच, हे मी आधीच सांगून ठेवते.

माझं काम कागदांचं. पुरस्कारांचे प्रस्ताव आले की त्यांची छाननी करायची, समितीपुढे ठेवायचे, निवड झाली की मानपत्राचा मजकूर तयार करायचा. शिक्षकांच्या फायली जाडजूड असायच्या. शोधनिबंध, पेटंट, पीएच.डी. झालेले विद्यार्थी, वर्तमानपत्रांतली कात्रणं, पाहुण्यांबरोबरचे फोटो आणि शेवटी एक सीडी, जी आमच्या संगणकात चालायचीच असं नाही. सेवकांचा प्रस्ताव म्हणजे विभागप्रमुखांनी लिहिलेलं एक पान. ‘प्रामाणिक, वक्तशीर, मनमिळाऊ.’ सगळ्यांच्या पानावर हेच तीन शब्द. यावर मानपत्र काय लिहिणार, कपाळ? मग मी उठून त्या विभागात जायची आणि माणसाला गाठायची.

अशीच एका वर्षी वनस्पतिशास्त्र विभागाच्या बागेत गेले. बागेतल्या एका माळीमामांची निवड झाली होती. पश्चिम घाटातली, हातावर मोजण्याइतकीच उरलेली झाडं तिथं जपलेली आहेत. त्यात कंदीलपुष्पंही आली. फूल अगदी छोट्या कंदिलासारखं, खाली फुगीर, वर निमुळतं. कंद खायला गोड लागतात म्हणून रानात लोकांनी उकरून उकरून संपवत आणलेली जात. मामांना विचारलं, तुमच्याबद्दल काय लिहू?

“काय लिवताय बाई. पाणी घालतो म्हणून लिवा.”

“पाणी तर सगळेच घालतात मामा.”

ते हसले आणि एका वेलीपाशी घेऊन गेले. वेलीला बारीक लांबट शेंगा लागल्या होत्या आणि प्रत्येक शेंगेला मलमलच्या चिंधीची पुरचुंडी बांधलेली. ही शेंग वाळली की तडकते, आत रेशमी पिसं असलेल्या बिया असतात. वारा आला की गेल्या, मग शोधत बसा. म्हणून तडकायच्या आधी बांधायची. आधी म्हणजे किती आधी? तर शेंगेचा रंग पाहून. तो रंग कुठला, ते त्यांना शब्दांत सांगता येईना. बोटानं एक शेंग दाखवली, “ही उद्या,” मग दुसरी, “ही चार दिसांनी.” मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मागून सर आले, ज्यांनी प्रस्ताव पाठवला होता तेच. म्हणाले, मॅडम, माझ्या विद्यार्थ्यांच्या निम्म्या प्रबंधांचं बियाणं या पुरचुंड्यांतून आलंय, एवढं एक वाक्य घाला. मी तेवढंच घातलं, बाकीचं नेहमीचं.

कार्यक्रम राजर्षी शाहू सभागृहात. मामांचं अख्खं गाव वडापच्या जीपांनी आलं होतं, बायका मागच्या रांगांत दाटीवाटीनं, पोरं पायऱ्यांवर. उद्घाटनाला रोपाला पाणी घालायची पद्धत आमच्याकडे रुळली होती. पाहुण्यांनी कौतुकानं तांब्या पुरा रिकामा केला. पहिल्या रांगेत बसलेले मामा शेजाऱ्याला म्हणाले, “एवढ्यानं कुजंल की हो ते.” बोलले हळूच, पण ऐकू चार रांगांना गेलं. नाव पुकारल्यावर त्यांनी चपला व्यासपीठाखाली काढल्या. नको नको म्हणेपर्यंत वर गेलेसुद्धा. पुरचुंडीचं वाक्य वाचलं गेलं आणि टाळी सुरू झाली ती थांबेना. सर्वांत जोरात कोण वाजवत होतं, तर ते सर. टाळीच्या आवाजावरून माणसाची पत कळते असं मी म्हणणार नाही. गावाकडून जास्त माणसं आली की टाळीही मोठी, एवढं साधं गणित त्यात असतंच. पण त्या दिवशी पुढच्या दोन रांगांतले प्राध्यापक उभे राहिले होते, आणि ते काही मामांच्या गावचे नव्हते.

शिक्षकांच्या मानपत्रांची गंमत वेगळी. आमच्या पदार्थविज्ञान विभागात थिन फिल्मचं काम जुनं आणि नावाजलेलं. पण ‘स्प्रे पायरोलिसिस’ हा शब्द माईकवर आला की सभागृह एकदम गप्प. एका वर्षी निवेदन करणाऱ्या बाई हुशार होत्या. कागद बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा, पाणी उडून जातं आणि मागं राहतो केसाहून कितीतरी पातळ थर. मागून कुणीतरी शेजाऱ्याला समजावलं, “औषध मारतोय न्हवं आपण, तसंच की.” पुरस्कार घ्यायला आलेल्या सरांनी ते ऐकलं. उत्तराच्या भाषणात म्हणाले, अगदी बरोबर, फरक एवढाच की आमचा पंप बिघडला तर दुरुस्त करायला गावाकडचा मिस्त्रीच लागतो. पुढची दोन मिनिटं ते त्या मिस्त्रीबद्दलच बोलले. संशोधनाबद्दल बोलायचं राहूनच गेलं, आणि कुणाची काही तक्रारही नव्हती.

विस्तारकार्याचा रकाना हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय. समाजासाठी काय केलं, ते तिथं लिहायचं. काहीजण त्यात आठवी-नववीच्या पोरांपुढं दिलेलं प्रत्येक व्याख्यान तारीखवार लिहायचे. आणि एका बाईंनी लिहिलं होतं, ‘साखरशाळा, चालू.’ बस्स. फाईल अपुरी म्हणून बाजूला पडेल या भीतीनं मी फोन लावला. मॅडम, किती मुलं, किती वर्षं, काहीतरी आकडा द्या. त्या म्हणाल्या, आकडा कसा देऊ, टोळ्या किती उतरल्यात त्यावर आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या माणसांची पालं कारखान्याच्या आवारात पडतात, पोरं आई-बापांबरोबर फडात जातात, हंगाम संपला की सगळे परत. जूनमध्ये घातलेलं शाळेतलं नाव नोव्हेंबरात सुटतं. या बाई संध्याकाळी पालांवर जाऊन शिकवत आणि पुढे त्याच पोरांच्या स्थलांतरावर त्यांनी लेख लिहिले. म्हणजे संशोधन कुठं संपलं आणि समाजकार्य कुठं सुरू झालं, हे ठरवायला समितीलाही जड गेलं असणार. मी दोन्ही रकान्यांत तेच लिहिलं. बाई पुरस्कार घ्यायला आल्या तेव्हा हाताला शाई होती. सत्काराचा नारळ त्यांनी पिशवीत टाकला आणि चहाला न थांबता निघाल्या, कारण त्या दिवशीही वर्ग होता.

भाषणं लांबायची, हे मान्य. स्वातंत्र्यापासून सुरुवात करून २१व्या शतकाच्या आव्हानांपर्यंत पोचणारे वक्ते आम्ही पुष्कळ ऐकले. पण उप्पीट आणि शिरा मागच्या व्हरांड्यात तयार असायचा आणि वास आत यायचा, त्यामुळे वक्त्यांनाही आटोपावं लागायचं.

२०१९ सालचा वर्धापन दिन मात्र वेगळाच होता. ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. शहराची पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणीच पाणी असताना नळ कोरडे पडले. तेव्हा आमच्या माळावरचं पाणी टँकरनं शहरात गेलं. ज्या खडकावर म्हणे कुसळही नव्हतं, तिथलं. पाणी ओसरल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं शिरोळ तालुक्यातल्या घरांतला गाळ उपसत होती आणि त्यांच्याबरोबर आमचे शिपाई, चालक, कनिष्ठ लिपिक. त्या नोव्हेंबरात कुणाच्याही तोंडी दुसरा विषय नव्हता. एका चालकाला मी विचारलं, टँकरच्या किती खेपा केल्या? त्यानं लॉगबुक पाहून सांगतो म्हटलं, आणि मग हसून, “आठ दिवस घरला गेलो न्हवतो एवढं आठवतंय.” हे वाक्य मानपत्रात बसत नव्हतं. पण चहाच्या वेळी मी ते भेटेल त्याला सांगत सुटले होते.

आता निवृत्त झाले तरी १८ तारखेला जातेच. आम्ही जुनी मंडळी मागच्या रांगेत बसतो, नव्या मानपत्रांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतो आणि चहाला पुढच्या वर्षीची यादी ठरवतो. समितीला ती कोण विचारतंय, पण ठरवतो. मागच्या खेपेला वाद रंगला तो ग्रंथालयातल्या एका बाइंडरवरून. माणूस गेली कित्येक वर्षं रविवारी आसपासच्या गावांतल्या वाचनालयांची फाटलेली पुस्तकं बांधून देतो. पैसे घेत नाही, खळ तेवढी त्यांची. प्रस्ताव कधी कुणी केला नाही. “मग तुम्हीच करा की मॅडम,” एकजण म्हणाला. सही विभागप्रमुखांची लागते हे खरं, पण मजकूर कुणीही लिहावा. तिथंच त्या बाइंडरला गाठून विचारलं, कुठल्या कुठल्या गावांची पुस्तकं बांधलीस रे? म्हणाला, वही घातलीय त्याची. सोमवारी घेऊन ये म्हटलंय.