१२० व्होल्टचा संच २३० व्होल्टवर: व्होल्टेज सुटले, वारंवारता उरली

१२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेला माझा ध्वनिसंच आता २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या देशात चालवायचा असून, त्यातील निम्मे काम पूर्ण झाले आहे. डॅकच्या (डिजिटल संगीताचे अॅनालॉग संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाच्या) अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असल्याने तिथे फक्त प्लग बदलावा लागला.

अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला दोन प्रायमरी वाइंडिंग (विजेच्या बाजूची वेटोळी) आहेत आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो ५० हर्ट्झलाही चालतो असे स्पष्ट नमूद आहे. वीज काढून, मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री केल्यावर, समांतर असलेली ती वाइंडिंग मी एकसर (एकामागोमाग एक) जोडली आणि प्रवाह निम्मा होत असल्याने फ्यूजही निम्म्या क्षमतेचा बसवला. फ्यूजचे हे काम पुष्कळदा राहून जाते, आणि मग संरक्षण केवळ नावापुरते उरते.

खरा प्रश्न टर्नटेबलचा आहे. त्याची सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेवर फिरते आणि व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वारंवारता मुळीच बदलत नाही. त्यामुळे १२० व्होल्ट मिळूनही मिनिटाला ३३.३ फेऱ्यांऐवजी २७.८ फेऱ्याच होतात आणि काळी चारमधले गाणे पांढरी चारच्याही किंचित खाली उतरते. १.२ पट व्यासाची पुली हा सरळ उपाय आहे, परंतु वेग बारकाईने जुळवता यावा म्हणून मी ६० हर्ट्झची शुद्ध साइन लहर निर्माण करणारा छोटा वीजपुरवठा बांधत आहे. मोटरला मोजकेच वॅट लागत असल्याने हे आवाक्यातले काम आहे. वेग तपासताना मात्र इथल्या विजेवरच्या दिव्याखाली १८० खुणांची स्ट्रोब चकती (वेग बरोबर असला की जिच्या खुणा स्थिर दिसतात ती) हवी. ६० हर्ट्झची २१६ खुणांची इथे चालत नाही.

सबवूफरच्या लेबलवर केवळ ६० हर्ट्झ लिहिलेले आहे. त्याला ५० हर्ट्झवर १२० व्होल्ट दिले, तर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो, गाभा संपृक्त होऊ लागतो (आणखी फ्लक्स पेलू शकत नाही) आणि गुणगुण व उष्णता दोन्ही वाढतात. व्होल्टेज भागिले वारंवारता हे गुणोत्तर मूळचेच राहावे म्हणून मी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या १०० व्होल्टच्या टॅपवरून (जोडणीवरून) चाचणी सुरू केली आहे. कमाल शक्ती यात सुमारे ७० टक्क्यांवर येते, जी माझ्या खोलीला पुरेशी आहे. तूर्त ट्रान्सफॉर्मर कोमटच राहतो, आणि आतील नियंत्रित पुरवठ्याचे व्होल्टेज पूर्ण आवाजातही टिकते का, हे पुढच्या टप्प्यात मोजणार आहे.