तुम्ही विचारलंत म्हणून: शोधायचं कशावर?

"ताई, या कॉम्प्युटरवर गूगल का नाही?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयापासून चार पावलांवर माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, नोटिसा, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स. आत मी बसते त्या मशीनवर गूगल आहे आणि बाहेर काउंटरवर, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या मशीनवर, डकडकगो. तेही गूगलसारखंच इंटरनेटवर शोधून देणारं सर्च इंजिन. त्यावरचं बदकाचं चित्र बघून लोक थबकतात. पुढचा प्रश्न ठरलेला: "मग चांगलं कुठलं?" फॉर्म भरता भरता मी अर्धवट उत्तर देते. आज सगळं लिहिते.

आधी काउंटरवरच्या मशीनचं. पूर्वी तिथेही गूगलच होतं. एकदा एक बाई आल्या, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. त्यांनी दहा मिनिटं काहीतरी शोधलं, वाचलं, आणि झेरॉक्सचे पैसे द्यायला माझ्याकडे वळल्या. तोवर कॉलेजचा एक मुलगा खुर्चीत बसला. त्याला घरपट्टी भरायची होती. त्याने 'घ' टाइप केला आणि खाली आधीच्या शोधांची यादी उलगडली: 'घटस्फोटानंतर मुलीचा ताबा कोणाकडे'. त्याने ते नकळत मोठ्याने वाचलं. बाई अजून तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला, मुलीचा हात धरला आणि सुटे पैसे न घेताच गेल्या.

त्या संध्याकाळी मी शटर ओढून ते मशीन नीट लावलं. ती यादी ब्राउझरने साठवलेली होती, म्हणून बंद करताच सगळा इतिहास पुसला जाईल अशी सोय केली. पण ब्राउझर पुसला तरी सर्च कंपनीकडे नोंद उरू शकतेच. ब्राउझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीचंही तसंच, त्याने फक्त आपल्या मशीनवरच्या खुणा जातात. डकडकगोचं धोरण असं, की कोणी काय शोधलं याची माणसागणिक नोंद ठेवायची नाही. जाहिरात दाखवायची ती त्या क्षणी टाकलेल्या शब्दावरून. माझ्या काउंटरवर लोक आजार शोधतात, कर्ज शोधतात, नवऱ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची ते शोधतात. त्यांचं गुपित राखणं हे दुकानदार म्हणून माझं काम आहे, असं मी मानते.

मग आत गूगल का? त्यासाठी हे धंदे चालतात कसे ते बघावं लागेल. मी गिऱ्हाइकांना मार्केट यार्डाचं उदाहरण देते. पंचवटीच्या यार्डात पालेभाजी उतरते आणि तीच मेथी सकाळी गंगापूर रोडला, सिडकोत, नाशिकरोडला वेगवेगळ्या गाड्यांवर दिसते. मांडणी वेगळी, भाव वेगळा, मेथी तीच. सर्चचंही तसंच. इंटरनेटवरची अब्जावधी पानं फिरून गोळा करायची, त्यांची शब्दवार सूची बनवायची आणि ती रोज ताजी ठेवायची हे फार खर्चाचं काम. स्वतःच्या बळावर ते करणारे मोजकेच: गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग, रशियाचं यांडेक्स, चीनचं बायडू, आणि लहान प्रमाणावर ब्रेव्ह, इंग्लंडचं मोजीक. बाकीचे बहुतेक यांच्याकडून माल उचलतात. याहू बिंगचे निकाल देतं. डकडकगोचाही बराचसा माल बिंगचाच. नफ्यातून झाडं लावणारं जर्मनीचं इकोसिया बिंगच्याच आधारावर वाढलं. नेदरलँड्सचं स्टार्टपेज तुमची ओळख न सांगता गूगलचे निकाल आणून देतं. २३ मे २०२४ ला बिंगची यंत्रणा कोलमडली, तेव्हा डकडकगो आणि इकोसियासुद्धा काही तास आडवे झाले होते. म्हणून कोणी मला सांगतं, "मी तिन्ही ठिकाणी शोधलं, तिन्हीकडे तेच आलं, म्हणजे खरं असणार," तेव्हा मी विचारते, तिन्हीचा यार्ड कुठला?

माझं निम्मं काम मराठीत असतं. माझ्या अनुभवात मराठीचा माल गूगलकडे सगळ्यात जास्त, बाकीच्यांकडे अगदी तुटपुंजा. म्हणून आत गूगल. पण तिथेही चांगलं मराठी पान वर येईलच असं नाही. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल काढलं ते एका साध्या विचारावर: ज्या पानाकडे इतर पानं दुवे देतात ते पान महत्त्वाचं, आणि दुवा देणारं पान स्वतः वजनदार असेल तर त्याच्या मताला वजन जास्त. आता त्यात शेकडो गोष्टी मिसळल्यात, पण मूळ तेच. मराठीत चांगलं लिहिणारे शिक्षक, शेतकरी, वकील आहेत, पण एकमेकांच्या पानाला दुवा देण्याची सवय नाही. त्यामुळे इंदिरानगरच्या एखाद्या निवृत्त मास्तरांनी जीव ओतून लिहिलेलं पान मागे राहतं आणि चार ओळींत चाळीस जाहिराती कोंबलेलं पान वर येतं. हे मला मनापासून लागतं.

त्यात हिंदीची आणि आपली लिपी एक. काउंटरवर कोणीतरी 'शिक्षा' शोधतं. त्याला हवं असतं, अमुक गुन्ह्याला शिक्षा किती. यंत्र दाखवतं शिक्षण खातं, शाळा, प्रवेश, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. हे सगळ्याच इंजिनांवर कमी-अधिक होतं. उपाय सोपा आहे, शेजारी एक अस्सल मराठी शब्द ठेवायचा. 'चोरी शिक्षा' ऐवजी 'चोरी केल्यास शिक्षा किती होते'. 'किती'च्या जागी हिंदीत 'कितनी' येतं, त्यामुळे यंत्राला भाषेचा पत्ता लागतो. आमच्या गावाचंही तेच. नाशिक शोधाल तर आजचं शहर येईल. जुनं काही हवं असेल तर 'नासिक' टाकून बघा, आणि इंग्रजीत शोधताना शेवटच्या 'एच'शिवायचं जुनं स्पेलिंग. एकजण आपल्या गावाचा जुना उल्लेख शोधत आले होते. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, त्याच जुन्या स्पेलिंगने छापलंय. ते कुठल्याच सर्च इंजिनवर न शोधता मी सरळ इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहावर गेले आणि पुस्तकाच्या आतल्या शोधात गावाचं नाव टाकलं. कधीकधी मोठ्या यार्डात जाण्यापेक्षा थेट मळ्यावर गेलेलं बरं.

वकिलांच्या ज्युनिअर मुलांना मी एक गोष्ट बजावून सांगते. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमांचे आकडे बदलले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. नव्या संहितेतही ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल! इंटरनेटवर जुन्या कायद्याची पानं वर्षानुवर्षांची, दुवे मिळवून भक्कम बसलेली. नवी पानं कोवळी. त्यामुळे शोधलं की जुनंच वर येतं. हल्ली निकालांच्या वर यंत्राने रचलेलं तयार उत्तर येतं, त्यातही जुनं-नवं मिसळलेलं मी पाहिलंय. एका मुलाने असंच उत्तर बघून अर्जात जुनं कलम घातलं होतं. टाइप करताना मला खटकलं म्हणून थांबले, नाहीतर अर्ज तसाच दाखल झाला असता. आता मी शोधाच्या शब्दांपुढे इंग्रजीत 'साइट', मग कोलन, मग 'जीओव्ही डॉट आयएन' टाकते, मध्ये जागा न सोडता. मग फक्त सरकारी पानं येतात. गूगल, बिंग, डकडकगो तिन्हीकडे हे चालतं. शासन निर्णय, सातबारा, दाखले, सगळ्याला हीच सवय लावून घ्या.

आणि एक गोष्ट कशावरच शोधू नका: कस्टमर केअरचा नंबर. निवृत्त शिक्षक असलेल्या माझ्या एका गिऱ्हाइकांचं कुरिअर अडकलं होतं. त्यांनी नंबर शोधला, पहिला दिसला तो लावला. समोरच्याने गोड बोलून फोनमध्ये एक ॲप टाकायला लावलं आणि खात्यातले ४३ हजार गेले. तक्रारीचा अर्ज टाइप करायला ते माझ्याकडे आले. त्यांचा हात थरथरत होता. मी त्यांच्याच फोनवर तोच शोध पुन्हा करून दाखवला. पहिल्या निकालाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' होतं. ते चष्मा काढून, फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत राहिले. पैसे देऊन वर बसता येतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. नंबर हवा तर पासबुकावर, बिलावर, कार्डाच्या मागे बघा. फसलात तर त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

"पण फोन घेतला तेव्हापासून गूगलच आहे," असं लोक म्हणतात. ते तसं असावं यासाठी पैसा मोजला जातो. अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या खटल्यात पुढे आलं, की आपलं सर्च आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने २०२१ या एकाच वर्षात फोन आणि ब्राउझरवाल्यांना २६ अब्ज डॉलरहून जास्त दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ही मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवल्याचा निकाल दिला. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०१८ मध्येच सर्चमधल्या पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटींचा दंड केला होता. सेटिंगमध्ये जाऊन सर्च इंजिन बदलायला अर्धं मिनिट लागतं. बदलून एक महिना वापरून बघा, नाही पटलं तर परत या. माझ्या घरच्या फोनवर डकडकगो आहे. मराठी काही अडलं की त्यातूनच गूगलवर जाते.

आता जे कुठल्याच इंजिनवर सापडत नाही त्याचं सांगते, कारण त्यात माझाही हात आहे. २००४ मध्ये मी पंचवटीतल्या एका जुन्या तालमीची स्मरणिका टाइप केली होती. १५२ पानं. वस्तादांची नावं, कुस्त्यांच्या तारखा, पुराच्या आठवणी. तेव्हा आम्ही युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, वापरत नव्हतो. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, ज्याच्याकडे जो फॉन्ट असेल तो. या फॉन्टमध्ये दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमध्ये 'नाशिक' म्हणजे आत यू, के, एफ, एक अवतरणचिन्ह, के आणि डी. स्मरणिकेची पीडीएफ पुढे कोणीतरी इंटरनेटवर चढवली. यंत्र ती उघडतं, आतला मजकूर वाचतं, आणि त्याच्या सूचीत जातात ही निरर्थक अक्षरं. शोधणारा 'वस्ताद' टाकतो, यंत्र म्हणतं, असं काही नाही. त्या काळात महाराष्ट्रभर टाइप झालेली किती पुस्तकं, अहवाल, दिवाळी अंक असे बंद पडून आहेत!

गेल्या पावसाळ्यापासून मी जमेल त्या दिवशी दुकान बंद करण्याआधी त्या स्मरणिकेचं एक पान युनिकोडमध्ये आणते. बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, त्यामुळे ओळ न् ओळ तपासावी लागते. ४० पानं झाली, ती मुलाने एका साध्या साइटवर चढवली. परवा एका वस्तादांचं नाव टाकून बघितलं. काउंटरवरच्या मशीनवर काही आलं नाही. आतल्या मशीनवर, दुसऱ्या पानाच्या तळाशी, आलं. त्यांच्या नातवाला लगेच फोन करून सांगितलं. ११२ पानं राहिलीत.