सेंटर स्पीकर घ्यायचाय? आधी टीव्हीखालची जागा मोजा

ओळखीत कोणी होम थिएटर करायला घेतलं की मला मेसेज येतोच, "सेंटर कोणता घेऊ?" आणि खाली तीन-चार लिंका. माझं उत्तर ठरलेलं असतं, टीव्हीखाली उंची किती मिळतेय आणि बाजूच्या खुर्चीत कोण बसणार ते सांग, लिंका नंतर बघू. लोकांना वाटतं मी उगाच भाव खातोय, पण खरंच निम्मा निर्णय तिथेच होतो.

५.१ मध्ये (समोर डावा-उजवा फ्रंट आणि मधला सेंटर, बाजूला-मागे दोन, आणि खोल धमक देणारा सबवूफर) बहुतेक सगळे संवाद सेंटरमधूनच येतात. तरी आपल्याकडे पैसे जातात सबवूफरवर, मग फ्रंटच्या जोडीवर, आणि उरलेल्यात जो बसेल तो सेंटर. मग घरात दर पाच मिनिटाला "काय म्हणाला रे तो?"

आता आधी हे सांगतो की सेंटर प्रत्येकाला लागतोच असंही नाही. दहा बाय बाराची खोली, बघणारे तुम्ही एकटे, तेही बरोब्बर मधे बसून, तर एव्हीआरमध्ये (सगळे स्पीकर जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायर) सेंटर 'नन', म्हणजे 'नाही', करून टाका, डाव्या-उजव्या दोघांमधून आवाज मधोमधच ऐकू येतो. थोडा फरक पडतो, कारण प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकरचा आवाज किंचित मागेपुढे मिळतो आणि २ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं कमी होतं, पण एखाद्या सुमार सेंटरपेक्षा हे परवडलं. मात्र सोफ्यावर तिघं असले की टोकाला बसलेल्याला हीरो जवळच्या स्पीकरमधून बोलताना ऐकू येतो, पडद्यावर मधे आणि आवाज डावीकडून, तिथे सेंटर हवाच.

आणि इथेच ती बाजूची खुर्ची येते. बाजारात मिळणारे बहुतेक सेंटर आडवे असतात, मधे ट्वीटर (बारीक आवाजाचा) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर (जाड आवाजाचा). ही मांडणी गाजली ती जोसेफ डी'अपोलितो यांच्या १९८३ च्या पेपरमुळे, पण तो माणूस बोलत होता उभ्या स्पीकरबद्दल! टीव्हीखाली मावावा म्हणून लोकांनी तो आडवा केला. दोन वूफरमध्ये ३० सेंटीमीटर अंतर धरा, तुम्ही मधल्या रेषेपासून ३० अंश बाजूला बसलात की एका वूफरचा आवाज दुसऱ्यापेक्षा १५ सेंटीमीटर जास्त चालून येतो, आणि साधारण ११०० हर्ट्झला ते दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे ऐन माणसाच्या आवाजातच खड्डा. मधे बसलेल्याला काहीच कळत नाही, तो म्हणतो झकास आहे, आणि आई खुर्चीतून सबटायटल लावायला सांगते.

दुकानात हे तपासायला दोन मिनिटं लागतात. पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग आवाज) नाहीतर एखादं बातमीपत्र लावायला सांगा आणि स्पीकरसमोर डावीकडून उजवीकडे चाला, आवाजाचा पोत बदलतोय का बघा. मग तोच स्पीकर उभा करून परत चाला. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

मग घ्यायचा कोणता? माझं मत विचाराल तर टीव्ही थोडा वर सरकवता येत असेल तर फ्रंटला जे बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे स्पीकर) आहेत तसलाच तिसरा मधे उभा ठेवा, यापेक्षा चांगला सेंटर नाही, आवाज एका बाजूकडून दुसरीकडे जाताना मधे बदलतच नाही. अडचण एकच, हे जोडीतच विकतात, सुटा एक मिळवायला दुकानदाराच्या मागे लागावं लागतं, नाहीतर जोडी घेऊन चौथा पडून राहतो. ते जमत नसेल तर थ्री-वे सेंटर बघा, ज्यात ट्वीटर मिडरेंजच्या (मधल्या आवाजाचा स्पीकर) डोक्यावर बसवलेला असतो आणि वूफर दोन्ही कडांना. महाग आणि उंचीला जास्त, म्हणून तर आधी जागा मोजा म्हणतोय. आणि हे दोन्ही नाही तर आडवा टू-वे, म्हणजे तोच मधे ट्वीटर आणि बाजूंना वूफरवाला, घ्या, पण फ्रंटच्याच सिरीजमधला, नुसता त्याच ब्रँडचा चालत नाही, ट्वीटर तोच आहे ना ते बघा. फळी किती खोल आहे ते मोजताना स्पीकरच्या मागे वायरसाठी तीन-चार सेंटीमीटर धरायला विसरू नका, आणि पोर्ट (हवा बाहेर यायचं भोक) मागे असेल तर अजून जास्त.

बसवताना फळीच्या अगदी पुढच्या कडेला ओढून ठेवा. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला सेंटर म्हणजे मडक्यात तोंड घालून बोलणारा माणूस. आणि खाली ठेवलेला असेल तर पुढून थोडा उचला, दाराला लावतात ते रबरी स्टॉपर मस्त चालतात, ट्वीटर गुडघ्यांकडे नाही, कानाकडे बघायला पाहिजे.

सेटिंगमध्ये सेंटर 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ (म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो), अगदी पिटुकला असेल तर १००. माइकने कॅलिब्रेशन (एव्हीआर स्वतः स्पीकरचे आवाज जुळवतो ते) झाल्यावर सेंटर एक-दोन डीबी वाढवलात तर कोणी पोलीस येत नाही. रात्री सगळे झोपल्यावर बघताना डायनॅमिक रेंजचा नाइट मोड (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) लावा, नाहीतर संवादाला आवाज वाढवायचा आणि फायटिंग सुरू झाली की रिमोट शोधत पळायचं.

अजून एक, जुने मराठी सिनेमे बघताना सेंटर गप्प बसला तर बिघडला म्हणून दुकानात नेऊ नका. त्यांचा ट्रॅक बऱ्याचदा नुसता स्टिरिओ किंवा मोनो असतो, एव्हीआरवर साउंड मोड बदलून डॉल्बी सराउंड किंवा प्रो लॉजिक जे असेल ते लावा, संवाद मधे येतात.