पडदा, प्रार्थना आणि वर केलेले हात

शुक्रवार, रात्री

आमच्या चर्चच्या तरुण संघाची बैठक आज बरीच लांबली. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी शेजारच्या वस्तीवर प्रभू येशूच्या जीवनावरचा चित्रपट दाखवायचा, असं मुलांच्या मनात आहे. पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर सगळं जुळवलंय. पाळकसाहेबांनी मला विचारलं, तेव्हा तिथे थोडक्यात बोलले. इथे नीट लिहून काढते, कारण हा विषय माझ्या जिवाच्या जवळचा आहे.

चित्रपट १९७९चा, 'जीझस'. इस्राएलमध्ये चित्रित झालेला, बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला, दोन हजारांहून जास्त भाषांत गेलेला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या कानी अख्खा लूक पडतो, ही थोर गोष्ट आहे. माझी हरकत शेवटाला आहे. गोष्ट संपते, येशूला स्वीकारण्याची प्रार्थना सांगितली जाते, मग आपल्यापैकी कुणीतरी माईक घेतो : "प्रभूला कुणी स्वीकारलं? हात वर करा." हात मोजतात आणि आकडा वहीत जातो.

मागे एका वस्तीवर मी बायकांमध्ये सतरंजीवर बसले होते. खिळे ठोकायला लागले तशा शेजारच्या आजी तोंडाला पदर लावून रडू लागल्या. "काय केलं हुतं गं त्यानं?" असं दोनदा विचारलं. पुढे हातही वर केला. नंतर म्हणाल्या, "बाई, यांचा एक फोटो द्या. देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी ठेवीन." त्यांच्या भावनेत तसूभर खोट नव्हती. पण तो हात वहीत 'विश्वास ठेवला' म्हणून गेला, आणि त्यांच्या प्रश्नाला कुणी पुरतं उत्तर दिलं नाही. मी बोलत होते तोवर सामान टेम्पोत चढलंसुद्धा.

दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात त्यांनी लिहिलं की डोळ्यांपुढून ख्रिस्तचरित्र सरकत असताना मनात श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. त्यातूनच १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आला. मला यात वाईट काहीच वाटत नाही. माणूस पडद्यावर आपलंच मन घेऊन बसतो, आणि ते मन कुठे गेलं हे पडद्याला कळत नाही. समोर माणूस असेल तर तो विचारू शकतो.

लूकमध्येच अम्माऊसची वाट आहे. मरणातून उठलेला प्रभू दोघा शिष्यांच्या बरोबरीनं चालतोय, डोळ्यांना दिसतोय, तरी ओळख पटत नाही. तो आधी त्यांचं दुःख विचारतो, मग शास्त्र उलगडून सांगतो. ओळख पटते ती घरात, एका पंगतीला, भाकर मोडताना. नुसतं दिसणं पुरलं असतं तर हा अध्याय इतका लांब झालाच नसता.

चित्राला, नाट्याला माझा विरोध नाही. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात राचोलला ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. आपल्या नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं रंगली, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आजही आपण उपासनेत गातो. पण कीर्तनकाराला समोरचे चेहरे दिसतात. कुणी गोंधळलं तर तो थांबतो, दुसरा दाखला देतो, कीर्तन संपल्यावर ओट्यावर बसतो.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागते. मागच्या वेळी रिक्षातून "फुकट सिनेमा, फुकट सिनेमा" एवढंच ओरडत गेले. कुणाचा सिनेमा, कोण दाखवतंय, काही नाही. जो स्वतःला सत्य म्हणवतो त्याच्या नावानं माणसं अशी गोळा करायची? लोकांनी ठरवून यावं, नको असेल तर घरी राहावं. कुणी कमी आलं तर येऊ दे.

म्हणून मी तीन गोष्टी मांडल्या. पत्रकावर मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, नाव आणि विषय ठळक छापायचा. हात वर करायला सांगायचं नाही, शेवटची प्रार्थनाही तिथे लावायची नाही. आणि संघातल्या प्रत्येकानं वस्तीवरच्या एकेका घराशी आधी ओळख करायची, नंतर महिनाभर तरी जात राहायचं, कुणी ख्रिस्ती होवो न होवो. पहिलं लगेच मान्य झालं. तिसऱ्याला मुली आधी तयार झाल्या, मुलगे मागून. प्रार्थनेवर मात्र अडलं. एक जण कळवळून म्हणाला, "मावशी, त्या रात्री एखाद्याला खरंच प्रभूकडे यायचं असेल तर?" मी म्हटलं, त्याच्याजवळ जाऊन बस, त्याच्याबरोबर प्रार्थना कर, माईकवरून नको. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. रविवारी उपासनेनंतर पुन्हा बसायचं ठरलंय.