अंतर एकच, तास वेगळे

दोन विमानतळांमधलं अंतर विचारलं तर एक आकडा सांगता येतो. प्रवासाला लागणारे तास विचारले की मात्र उलटा प्रश्न करावा लागतो: कुठल्या दिशेने आणि कुठल्या महिन्यात?

आधी अंतर. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, म्हणून नकाशावर पट्टी ठेवली की रेघ सरळ आडवी येते. पृथ्वीच्या गोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, तो उत्तरेकडे सरकतो. जवळचा रस्ता तोच. विमानतळांमधली अंतरं गोलावरच्या या जवळच्या रस्त्यावरच, म्हणजे बृहद्वृत्तावर मोजतात. साधी गणितं पृथ्वी अगदी गोल धरतात आणि ती तशी नाही, त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक होते. दहा हजार किलोमीटरमागे पन्नास, म्हणजे विमानाची तीन-चार मिनिटं. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

ढोबळ हिशेब असा: किलोमीटरला 850 ने भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. लंडन–न्यूयॉर्क 5,540 किलोमीटर, म्हणजे सात तास. सिंगापूर–न्यूयॉर्क सुमारे 15,300, म्हणजे साडेअठरा.

हा हिशेब बिघडवतो तो वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा हवेचा झोत हिवाळ्यात ताशी दोनशेच्याही पुढे जातो. विमान हवेतून ताशी नऊशेनेच जातं, पण ती हवाच पुढे सरकत असते, सरकत्या पट्ट्यावरून चालावं तसं. फेब्रुवारी 2020 मध्ये एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता, तरी हवेतून मोजता त्याने ध्वनीच्या वेगाची मर्यादा ओलांडली नव्हती. त्याच झोताविरुद्ध निघालेल्यांची दया येते.

म्हणून कधी लांबचा रस्ताच लवकर पोहोचवतो. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे वारा पाठीशी घेऊन, नेलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढली, प्रवास मात्र दोनेक तासांनी कमी झाला. आकाश बंद झालं तर याच्या उलट होतं. 2022 मध्ये रशियाचं आकाश मिटल्यावर हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांवरून तेरावर गेलं. दोन्ही शहरं अर्थात जागची हलली नव्हती.

तिकिटावरच्या सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा थेट वजा करू नयेत, त्या दोन वेगळ्या घड्याळांच्या असतात. दोन्ही आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत आणा. हिवाळ्यात न्यूयॉर्कहून सोमवारी रात्री दहाला निघालात, तर यूटीसीत मंगळवारचे पहाटेचे तीन. साडेअठरा तास मिळवा, मंगळवार रात्रीचे साडेनऊ. सिंगापूर आठ तास पुढे, म्हणजे बुधवार पहाटे साडेपाच. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळं तासभर पुढे सरकतात, तेव्हा हेच उत्तर साडेचार येतं.

वेळापत्रकातले तास विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचे असतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं त्यात धरलेलं असतं, शिवाय उशीर झालाच तर म्हणून थोडी पदरची भरही. म्हणून वैमानिक सांगतो तो वेळ तिकिटापेक्षा कमी निघतो, आणि विमान वीस मिनिटं आधी उतरतं. मग गेट मोकळं नाही म्हणून तेवढाच वेळ उभं राहतं.