परत आलेली पुस्तके

ग्रंथालयात गेल्यावर कपाटांकडे न वळता आधी परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाकडे जायचे, ही माझी जुनी खोड आहे. कपाटातले पुस्तक किती वर्षे तिथे अंग चोरून उभे असेल याचा नेम नसतो. नुकतेच परत आलेले पुस्तक मात्र काल रात्रीपर्यंत कोणाच्या तरी उशाशी होते, एवढी खात्री देता येते. मुलीकडे अमेरिकेत, मेरिलँड राज्यात आले तरी ही खोड सुटलेली नाही. परवा दुपारी तिथल्या काउंटी लायब्ररीत, जागेवर लावण्यासाठी ढकलगाडीत ठेवलेल्या पुस्तकांतून मी एक उचलले, तेव्हा आत कोणीतरी विसरलेली खूणपट्टी निघाली. तिच्यावर एका जुन्या छायाचित्राची छपाई होती : दोन घोडे जुंपलेली गाडी आणि तिच्या अंगाला, बाहेरच्या बाजूने, पुस्तकांचे खण.

ही गाडी माझ्या ओळखीची निघाली, कारण तिच्याविषयी मी पूर्वी वाचलेले होते. याच राज्याच्या पश्चिमेकडे वॉशिंग्टन काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा म्हणावा. तिचे मुख्य गाव हॅगर्सटाउन. तिथे १९०१ साली ग्रंथालय उघडले, ते एकट्या शहरासाठी नव्हे तर सगळ्या काउंटीसाठी, आणि मेरी टिटकम्ब नावाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाई तिथे ग्रंथपाल म्हणून आल्या. पुस्तके सर्वांची आहेत असे सांगणे सोपे असते. शेतावरच्या माणसाने शहरात यायचे कधी, हा खरा प्रश्न होता. म्हणून बाईंनी तीस-तीस पुस्तकांच्या पेट्या खेड्यांतल्या दुकानांत आणि पोस्टांत ठेवायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत अशी सहासष्ट ठिकाणे झाली. दुसरे कोणी असते तर इथे समाधान मानून अहवाल लिहायला बसले असते. पण पेटी दुकानापर्यंत पोचते, आडवाटेच्या शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही, हे बाईंना टोचत राहिले, आणि १९०५ साली अमेरिकेतली पहिली मानली जाणारी पुस्तकगाडी रस्त्यावर आली.

गाडी हाकायला निवडला तो ग्रंथालयाचा रखवालदार, जोशुआ थॉमस. हा निर्णय मला गाडीच्या कल्पनेहूनही शहाणपणाचा वाटतो. पेट्या पोचवून पोचवून त्याला वाटा ठाऊक झाल्या होत्या, आणि एखाद्याच्या अंगणात शिरून गप्पा सुरू कराव्या कशा, हे वर्गीकरणाच्या शास्त्रात शिकवत नाहीत. एक गफलत मात्र झाली. गाडीला रंग दिला होता काळा, त्यामुळे एका शेतकऱ्याला ती प्रेते नेणारी गाडी वाटली आणि इथे थांबायचे कारण नाही, असे त्याने सुनावले. मग चाकांना आणि दारांना तांबडा रंग फासण्यात आला. पुस्तके घेऊन दारात आलेल्या माणसाला मृत्यूचा दूत समजणारे लोक पुढे वाचक झाले, याची मला अजूनही गंमत वाटते. १९१० च्या ऑगस्टमध्ये रेल्वेच्या फाटकावर मालगाडीने या गाडीचा चुराडा केला. माणूस आणि घोडे वाचले, आणि १९१२ पासून मोटार धावू लागली.

त्याच १९१० साली बडोद्यात एक अमेरिकन ग्रंथपाल येऊन दाखल झाला होता. कवळाण्याहून दत्तक गेलेल्या सयाजीरावांनी अमेरिकेतली ग्रंथालये स्वतः पाहिली होती, आणि आपल्या संस्थानात तशी व्यवस्था बसवायला त्यांनी विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले. तिथेही गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरल्या.

डोंबिवलीत आमच्या दारापर्यंत पेटी आली नाही, घोडेही आले नाहीत, सायकल आली. लायब्ररीवाले काका मंगळवारी आणि शनिवारी ऐन दुपारी यायचे. हँडलला दोन्ही बाजूंनी खाकी पिशव्या, मागे कॅरिअरवर जुन्या ट्यूबने करकचून बांधलेला गठ्ठा. त्यांच्या वहीत फक्त तारखा असायच्या. कोणाला काय लागते ते डोक्यात असायचे. समोरच्या काकूंना रहस्यकथा, वरच्या आजोबांना इतिहास, आणि माझ्या आईला विणकामाचे नमुने छापणारे मासिक, ज्यातले नेमके नमुन्याचे पान आधीच्या घरात कोणीतरी कापून घेतलेले असायचे. “अहो, यातही पान नाही,” असे आईने म्हणायचे आणि “वहिनी, पुढचा अंक आधी तुमच्याकडे,” असे काकांनी म्हणायचे, हे वर्षानुवर्षे चालले. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर काकांचा भाव एखाद्या मामलेदारासारखा असायचा.

मला त्या वयात मजकुराहून डाग वाचायला आवडत. हळदीचे बोट उमटले असेल तर अंक काकूंकडून आला, तपकिरीचा वास असेल तर आजोबांकडून, आणि पानांचे कोपरे चघळलेले असतील तर गल्लीच्या टोकाच्या, रांगते बाळ असलेल्या घरातून. आजची माझी खोड बहुधा तिथलीच असावी. इथल्या पुस्तकांना प्लॅस्टिकची वेष्टणे असतात आणि त्यांना फारसा कसला वास येत नाही, तरी मी हुंगून पाहते; मुलगी लाजून दुसरीकडे बघते.

खूणपट्टी मी पुन्हा त्याच पानात ठेवून दिली. हॅगर्सटाउनची गाडी कोणत्या महिन्यात मोडली हे मला सांगता येते, आणि ती हाकणाऱ्याचे नावही. लायब्ररीवाल्या काकांचे नाव आमच्या घरात कधी कोणी विचारले नाही. घरी टीव्ही आला, त्यानंतर कोणत्यातरी वर्षी काका येईनासे झाले. नक्की कधी, ते आईलाही आठवत नाही. शेवटचे दोन अंक परत द्यायचे म्हणून दाराजवळच्या खुंटीला पिशवीत बरेच दिवस टांगलेले होते. मग गणपतीच्या आवराआवरीत आईने ती पिशवी धुवायला काढली.